पार्सल-निर्यात

पार्सल-निर्यात : परदेशस्थ ग्राहकाने इंटरनेटवरून मागविलेली वस्तू सुट्या नगाच्या स्वरूपात टपालाने किंवा कुरिअर-संस्थेमार्फत थेट त्याच्या पत्त्यावर पोहोचविणे आणि तिची किंमत परकीय चलनातून वसूल करणे, या दुहेरी व्यवहारास पार्सल-निर्यात म्हणता येईल. पारंपरिक निर्यात व्यापारात निर्यातदार, परदेशी आयातदार, जहाज-कंपनी, विमा-कंपनी, सीमाशुल्क दलाल आणि दोन्ही देशांतील बँका अशी मोठी साखळी असते. पार्सल-निर्यातीत ही साखळी दिसत नाही. परंतु तिच्यातील कामे मात्र नाहीशी होत नाहीत. मालाचे वर्गीकरण, मूल्याची घोषणा, परदेशातील कर, नुकसानीची जोखीम, विनिमय दरातील चढउतार ही सर्व ओझी एकट्या लहान विक्रेत्यावर येऊन पडतात आणि प्रत्येक पार्सलामागे नव्याने पडतात. या व्यापारातील मुख्य अडचण अंतराची नसून प्रतिनग स्थिर खर्चाची आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यासंबंधीच्या सुविधांचे व नियमांचे मर्म कळत नाही.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. या भागातील निर्यातक्षम द्राक्षे शीतपेट्यांतून जवाहरलाल नेहरू बंदरातून (कार्यारंभ १९८९) यूरोपकडे जातात. ४० फुटी शीतपेटीत साधारणतः १३-१४ टन द्राक्षे मावतात. समजा, तिच्या कागदपत्रांचा व बँकेच्या आकारणीचा एखादा भाग २,००० रु. आला, तर १३ टनांवर तो किलोमागे सु. १५ पैसे पडतो. बारामती तालुक्यातील पिंपळीसारख्या गावातून एखाद्या गृहिणीने वा बचत गटाने ३ किग्रॅ. चकल्या, लाडू व काळा मसाला अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील मराठी कुटुंबास विकावयाचे ठरविले आणि तेवढाच खर्च तिला करावा लागला, तर तो किलोमागे सु. ६६७ रु. होतो. दोन्ही माल एकाच तालुक्यातून, जवळजवळ एकाच रस्त्याने मुंबईकडे जातात. परंतु पहिल्याच्या बाबतीत नगण्य असलेला खर्च दुसऱ्याच्या बाबतीत मालाच्या किंमतीएवढा होऊ शकतो. वरील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रमाण मात्र खरे आहे.

वाहतुकीची आकारणी : कुरिअर-संस्था व विमान-कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर भाडे घेतात. आकारमानी वजन काढताना खोक्याची लांबी, रुंदी व उंची यांचा सेंमी.मधील गुणाकार करून त्यास सामान्यतः ५,००० ने भागतात. ४० × ३० × २५ सेंमी. मापाचे खोके म्हणजे ३०,००० घन सेंमी., म्हणून त्याचे आकारमानी वजन ६ किग्रॅ. होते. आतील चकल्या व चिवडा मिळून ३ किग्रॅ.च भरत असला, तरी भाडे ६ किग्रॅ.चे द्यावे लागते. फराळाच्या पदार्थांत चिवडा व चकली हे भाड्याच्या दृष्टीने महाग आणि बेसनाचे लाडू त्या मानाने स्वस्त, हा अनुभव विक्रेत्यास पहिल्या दोन-चार पार्सलांतच येतो. चकली मोडू नये म्हणून भोवती जितके अस्तर घालावे तितके खोके फुगते, ही त्यातील आणखी एक कोंडी. साडी, मसाला, पुस्तक, चांदीचा लहान दागिना यांसारख्या घट्ट बांधता येणाऱ्या वस्तू या व्यापारात टिकाव धरतात, त्याचे कारण बहुतांशी हेच आहे.

टपालाचा मार्ग याहून वेगळ्या तत्त्वावर उभा आहे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्न येथे २२ राष्ट्रांनी केलेल्या करारातून जागतिक टपाल संघ जन्मास आला व भारत १ जुलै १८७६ रोजी त्यात सामील झाला. सदस्य राष्ट्रांनी परस्परांचे टपाल आपल्या हद्दीत वाटावे, हे त्याचे मूलतत्त्व होय. आरंभी प्रत्येक देश आपण विकलेल्या तिकिटांचे उत्पन्न स्वतःकडे ठेवी. जेवढी पत्रे जातात तेवढीच उत्तरे येतात, अशी त्यामागील कल्पना होती. ती पत्रांना लागू पडली, मालाला पडली नाही. म्हणून १९६९ च्या टोकिओ अधिवेशनात टपाल वाटणाऱ्या देशाला पाठविणाऱ्या देशाने मोबदला द्यावा, असे ठरले. हे अंतिम वितरण शुल्क विकसनशील देशांसाठी दीर्घकाळ कमी ठेवण्यात आले होते. २ किग्रॅ.पर्यंतच्या लहान पाकिटांचा आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यापार, विशेषतः चीनमधून, या सवलतीच्या आधारावर फोफावला. त्याविरुद्ध अमेरिकेने संघ सोडण्याची नोटीस दिली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जिनीव्हा येथील विशेष अधिवेशनात देशांना आपले दर टप्प्याटप्प्याने स्वतः ठरविण्याची मुभा मिळाली. अमेरिकेला ती जुलै २०२० पासून लागू झाली. भारतातील लहान विक्रेता या बाजारात मोठ्या संख्येने उतरू लागला, तेव्हा स्वस्त टपालाचा हा काळ ओसरत आला होता.

मूल्यवसुलीची जुनी उदाहरणे : दूरच्या अनोळखी ग्राहकाला माल विकण्याचा प्रश्न नवा नाही. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही. पी. म्हणजे मूल्यदेय टपालाची पद्धत सुरू केली आणि १८८० मध्ये मनिऑर्डरीचे काम सरकारी खजिन्यांकडून आपल्याकडे घेतले. या दोन सेवांनी मुंबई-पुण्याच्या पुस्तक-प्रकाशकांना, औषधविक्रेत्यांना व घड्याळवाल्यांना खेडोपाडी ग्राहक मिळवून दिले. ग्राहक पैसे बुडवील ही विक्रेत्याची भीती आणि माल येणारच नाही ही ग्राहकाची भीती, या दोन्हींवर पोस्टमनच्या हाती माल व पैसा यांची एकाच वेळी अदलाबदल करणे हा तोडगा होता. माल पोहोचविणारी आणि पैसा आणणारी संस्था एकच असल्यामुळे हिशेबही एकाच ठिकाणी जुळत असे. आजच्या पार्सल-निर्यातीत या दोन वाटा वेगळ्या झाल्या आहेत. माल टपालाने जातो, पैसा बँकेतून किंवा देयक-संस्थेमार्फत येतो, आणि तो त्याच मालाचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर राहते.

पैशाचा प्रवास : दोन देशांतील बँकांमध्ये प्रत्यक्ष रोकड जात नाही. भारतीय बँकेचे परदेशी बँकेत त्या देशाच्या चलनातील खाते असते. त्यात जमा झाल्याचा संदेश आल्यावर येथील खातेदारास रुपये मिळतात. हे संदेश वाहून नेणारी स्विफ्ट ही संस्था १९७३ मध्ये स्थापन झाली व १९७७ मध्ये तिचे काम सुरू झाले. ग्राहकाच्या व विक्रेत्याच्या बँकांचा थेट संबंध नसल्यास मध्ये एक-दोन बँका येतात आणि प्रत्येक बँक आपली आकारणी कापून घेते. ही आकारणी बहुधा रकमेच्या प्रमाणात नसून प्रतिव्यवहार ठरलेली असते. म्हणून १० हजार डॉलरच्या बिलावर ती जाणवत नाही. पण ३० डॉलरच्या फराळाच्या डब्यावर तिच्यापायी नफाच काय, मुद्दलही जाऊ शकते. विनिमय दरात ठेवलेला फरक ही दुसरी, न दिसणारी कपात होय. विक्रेत्याने केवळ जाहीर शुल्काची तुलना न करता हाती प्रत्यक्ष किती रुपये पडले हे पाहावे, असे म्हणतात ते यासाठीच.

ही अडचण ओळखून भारतीय रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१० मध्ये ऑनलाइन देयक-संस्थांमार्फत लहान निर्यातीचे पैसे आणण्यास परवानगी दिली. प्रत्येक व्यवहाराची मर्यादा आरंभी ५०० डॉलर होती. ती २०११ मध्ये ३,००० आणि २०१३ मध्ये १०,००० डॉलर करण्यात आली. या पद्धतीत परदेशी ग्राहक कार्डाने पैसे देतो, देयक-संस्था अनेकांचे पैसे एकत्र करून भारतात आणते व विक्रेत्याच्या खात्यात रुपये जमा करते. स्थिर खर्च अशा रीतीने अनेकांत वाटला जातो; द्राक्षाच्या शीतपेटीत जे घडते तेच येथे पैशाच्या बाबतीत घडते. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने या संस्थांना रिझर्व्ह बँकेच्या थेट नियमनाखाली आणले आणि वस्तूच्या वा सेवेच्या प्रत्येक नगामागे कमाल मूल्य २५ लाख रु. ठरविले. लहान विक्रेत्याला ही मर्यादा क्वचितच अडते. त्याला अडते ते वेगळेच. माल मिळाला नाही किंवा तुटका मिळाला अशी तक्रार ग्राहकाने आपल्या कार्ड-बँकेकडे केली, तर ती रक्कम विक्रेत्याच्या खात्यातून परत काढली जाऊ शकते. अशा वेळी माल पोहोचल्याची नोंद हाच त्याचा एकमेव पुरावा असतो. म्हणून माग ठेवता न येणारे स्वस्त पाकीट शेवटी महाग पडण्याचा संभव असतो.

नातेवाइकांनी घरखर्चासाठी पैसे पाठविण्याच्या सोयी आणि व्यापाराचे पैसे आणण्याच्या सोयी यांत गल्लत होऊ देता कामा नये. रिझर्व्ह बँकेच्या मनी ट्रान्सफर सर्व्हिस योजनेखाली केवळ वैयक्तिक विप्रेषण येऊ शकते, व्यापारी रक्कम येऊ शकत नाही. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी भारताची यूपीआय आणि सिंगापूरची पे-नाऊ या यंत्रणा जोडल्या गेल्या. तीही सोय मुख्यतः व्यक्ती-व्यक्तींमधील देवघेवीसाठी आहे. परदेशातील भाच्याने मावशीला पाठविलेले पैसे आणि ग्राहकाने फराळाची दिलेली किंमत हे कायद्याच्या दृष्टीने दोन निराळे व्यवहार होत, मग तो ग्राहक भाचाच का असेना.

नोंदणी व कागदपत्रे : व्यापारी निर्यातीसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक घ्यावा लागतो, तो संगणकावरून ५०० रु. शुल्क भरून मिळतो. वस्तू व सेवाकराच्या कायद्यात निर्यात शून्यकरपात्र आहे. परंतु मालाच्या निर्यातदारास, उलाढाल लहान असली तरी, साधारणतः नोंदणी घ्यावी लागते व कर न भरता माल पाठविण्यासाठी हमीपत्र द्यावे लागते. बँक व सीमाशुल्क विभाग यांच्या नोंदी एकमेकींशी जुळवून निर्यातीची किंमत देशात आली की नाही हे पाहिले जाते. यासाठी असलेली नऊ महिन्यांची मुदत २०२५ मध्ये पंधरा महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली. १ ऑक्टोबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने १० लाख रुपयांपर्यंतच्या बिलांची नोंद निर्यातदाराच्या स्वतःच्या घोषणेवरून मिटविण्याची सवलत दिली. दिसावयास ही बाब क्षुल्लक आहे. पण बाराशे रुपयांच्या पार्सलाची नोंद मिटविण्यासाठी बँकेने पाचशे रुपये आकारले, तर असा व्यापार करण्यात काय स्वारस्य राहील? विदेशी चलनाच्या कायद्यातील अनेक तरतुदी मोठ्या जहाजी व्यापाराच्या मापाने बेतलेल्या होत्या आणि त्या लहान पार्सलांना लावताना सैल करण्यास फार वेळ लागला, असेच म्हणावे लागते.

टपालाने होणाऱ्या निर्यातीतही असाच बदल झाला. पूर्वी विक्रेत्याला विदेश टपाल कार्यालय असलेले शहर गाठावे लागे. महाराष्ट्रात यासाठी मुंबईच्या बॅलार्ड इस्टेट भागातील कार्यालय प्रसिद्ध आहे. डिसेंबर २०२२ मधील विनियमांनी टपाल-निर्यातीची घोषणा संगणकावरून करण्याची व्यवस्था आणली आणि त्याच सुमारास टपाल खात्याने डाक घर निर्यात केंद्रे उघडण्यास आरंभ केला. २०२४ पर्यंत देशभरात त्यांची संख्या एक हजारावर गेली. विक्रेत्याने घरबसल्या घोषणा भरावी, पार्सल जवळच्या केंद्रात द्यावे आणि सीमाशुल्काची तपासणी विदेश टपाल कार्यालयात व्हावी, अशी ही योजना आहे. बारामती ते पुणे हे अंतर सु. १०० किमी. आणि तेथून पुढे मुंबई. एका पार्सलासाठी हा खेप घालण्याचा खर्च टपालखर्चाहून अधिक होतो. तालुक्याच्या गावाला या केंद्रांचे महत्त्व का, हे यावरून स्पष्ट व्हावे. कुरिअरच्या मार्गाने जाणाऱ्या ऑनलाइन निर्यातीची प्रतिपार्सल मूल्यमर्यादा २०२३ च्या विदेश व्यापार धोरणाने ५ लाखांवरून १० लाख रु. केली, ही सवलत दागिने वा रत्ने विकणाऱ्यांच्या अधिक उपयोगाची, मसाला विकणाऱ्यास तिचे सोयरसुतक नाही.

या सर्व कटकटी टाळण्यासाठी विकलेला मालही ‘भेटवस्तू’ म्हणून घोषित करण्याची वाईट चाल पडली आहे. तिच्यामुळे निर्यातीची नोंदच होत नाही, करसवलत मिळत नाही, बँकेत आलेल्या पैशाला आधार राहत नाही आणि पार्सल हरवल्यास पूर्ण किंमतीचा दावा करता येत नाही. अन्नपदार्थांच्या बाबतीत धोका आणखी वाढतो. अमेरिकेत २००२ च्या कायद्याप्रमाणे येणाऱ्या अन्नपदार्थांची पूर्वसूचना तेथील अन्न व औषध प्रशासनास द्यावी लागते. व्यक्तीने स्वतःच्या घरी तयार करून वैयक्तिक भेट म्हणून पाठविलेला पदार्थ तेवढा यातून वगळला आहे. आईने मुलाला पाठविलेले अनारसे या सवलतीत बसतात. तेच अनारसे शेजारणीने विकत दिले की बसत नाहीत. यूरोपीय संघात दुधाच्या व मांसाच्या पदार्थांची वैयक्तिक पार्सलेही भारतासारख्या देशांतून आणण्यास सामान्यतः मनाई आहे. बारामती-इंदापूर हा दुधाचा मुलूख. पण तेथील पेढा व बर्फी यांना या मार्गाने यूरोपचे दार बंद आहे. शंकरपाळ्यासारख्या पदार्थांतही दुधाचे प्रमाण किती, हे पाहावे लागते.

स्वीकारणाऱ्या देशांचे धोरण : लहान पार्सलावर कर वसूल करण्याचा खर्च करापेक्षा अधिक होतो, म्हणून विशिष्ट मूल्यापर्यंतचा माल करमुक्त सोडण्याची पद्धत अनेक देशांत होती. पार्सलांचा पूर लोटल्यावर ती आकसू लागली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावरही वस्तू व सेवाकर लागू केला. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर विक्रीच्या वेळीच मूल्यवर्धित कर घेण्याची रीत आणली. यूरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ यूरोंपर्यंतची मूल्यवर्धित करातील सूट काढून टाकली आणि १५० यूरोंपर्यंतच्या सीमाशुल्क-सवलतीऐवजी १ जुलै २०२६ पासून ३ यूरोंचे शुल्क आकारण्याचा निर्णय २०२५ च्या अखेरीस घेतला.

सर्वांत मोठा धक्का अमेरिकेकडून बसला. तेथे २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचा माल विनाशुल्क येत असे. ही सवलत मे २०२५ मध्ये चीन व हाँगकाँगच्या मालापुरती आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्वच देशांच्या मालापुरती थांबविण्यात आली. शुल्क किती यापेक्षा ते कोणी व कसे गोळा करावयाचे, हा प्रश्न टपाल संस्थांना अधिक अडचणीचा ठरला. कारण टपालाच्या व्यवस्थेत शुल्क परंपरेने स्वीकारणाऱ्या देशात घेतले जाते आणि येथे ते पाठविण्यापूर्वीच भरावयाचे होते. जागतिक टपाल संघाच्या माहितीनुसार ८८ टपाल संस्थांनी अमेरिकेकडील सेवा अंशतः वा पूर्णतः थांबविली. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून मालाची पार्सले घेणे थांबविले, प्रथम पत्रे, कागदपत्रे व १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू वगळून, आणि नंतर सरसकट. सेवा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा सुरू झाली. त्या वेळी भारतीय टपाल-मालावर घोषित मूल्याच्या ५० टक्के शुल्क होते व ते पाठविणाऱ्याने आगाऊ भरावयाचे होते.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. परदेशी जाणारा फराळ दिवाळीच्या तीन-चार आठवडे आधी रवाना व्हावा लागतो. म्हणजे बंदीचा काळ आणि फराळाचा हंगाम नेमका एक झाला. ज्यांना परवडले त्यांनी महाग कुरिअरचा मार्ग धरला. ज्यांचा सारा हिशेब टपालाच्या दरावर बांधलेला होता त्यांना अमेरिकेपुरता हा हंगाम सोडणे भाग होते. वर्षभराची परदेशी विक्री एका सणात आटोपणाऱ्या विक्रेत्याला सात आठवडे म्हणजे जवळजवळ वर्षच. विक्री एकाच देशावर व एकाच वाहकावर अवलंबून ठेवण्यातील धोका यामुळे उघड झाला. परंतु लहान विक्रेत्याला देश बदलणे सोपे नसते, कारण त्याचे ग्राहक जेथे आप्तस्वकीय स्थायिक झाले तेथेच असतात.

परत येणारा माल : ग्राहकाने नाकारलेले पार्सल परत आणणे पाठविण्याहून कठीण असते. परतीचे भाडे विक्रेत्यास द्यावे लागते. शिवाय आपलाच माल परत येत आहे हे मूळ निर्यातीच्या कागदांवरून दाखविता आले नाही, तर तो आयात समजून त्यावर शुल्क लागू शकते. खाद्यपदार्थ परत आणण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही; ते तेथेच नष्ट केले जातात. म्हणून बहुतेक विक्रेते काही टक्के माल बुडीत धरूनच किंमत ठरवितात.

एकत्रित पाठवणी : प्रतिनग खर्च कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे अनेक ग्राहकांची पार्सले एका मोठ्या पेटीत घालून परदेशातील एका पत्त्यावर पाठविणे व तेथून त्या देशाच्या अंतर्गत टपालाने वाटणे. परदेशातील मराठी मंडळाच्या सभासदांनी एकत्र मागणी नोंदविली, तर विमानभाड्याचा दर उतरतो आणि अन्नपदार्थांची पूर्वसूचना व सीमाशुल्काची घोषणा एकदाच करावी लागते. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठाही हेच तत्त्व वापरतात. भारतात ॲमेझॉनने २०१५ मध्ये आपला जागतिक विक्री कार्यक्रम सुरू केला, त्यात विक्रेता आपला माल आधीच परदेशातील गोदामात ठेवू शकतो. केंद्र सरकारने जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलेल्या ई-कॉमर्स निर्यात केंद्रांमागेही माल एका छताखाली गोळा करून तपासण्याची कल्पना आहे. मात्र एकत्रित पाठवणीत परदेशी बाजूला आयातदार म्हणून कोणीतरी उभे राहावेच लागते. तो आपला वाटा घेतो, न खपलेल्या मालाची जोखीम विक्रेत्यावर टाकतो आणि ग्राहकाचा पत्ता बहुधा स्वतःजवळ ठेवतो.